मोबाईलवरून हीटर चालू झाला, पण इंजिन गरम झालं का?

नमस्कार. तुमचा प्रश्न नीट वाचला. मला काय समजलं ते आधी मांडतो, म्हणजे कुठे चुकलं असेल तर तुम्हाला सांगता येईल.

तुम्ही मूळचे तासगावचे, नोकरीनिमित्त मिनेसोटात. चौघांनी मिळून सेसना १७२ हे जुनं छोटं विमान घेतलंय आणि ते घरापासून पाऊण तासावर, आतून गरम नसलेल्या हँगरमध्ये, म्हणजे विमानाच्या शेडमध्ये, उभं असतं. शनिवारी सकाळी उडायचं ठरलं की शुक्रवारी रात्री कुणाला तरी बर्फातून गाडी हाकत जाऊन इंजिनाचा हीटर लावून यावा लागतो. तुमचे वडील घरात बसून मोबाईलवरून विहिरीवरची मोटार चालू करतात. तसाच हा हीटर चालू करता येईल का, आणि तासगावातूनच एखादा मोबाईल स्टार्टर मागवून घेतला तर चालेल का, असं तुम्ही विचारलंय. शेवटी एक ओळ अशीही आहे, की तुमच्यातला एक भागीदार म्हणतो, रोजची कटकट नको, हिवाळाभर हीटर चालूच ठेवू.

मी कऱ्हाडचा. विमान देखभालीचं लायसन्स काढून आयुष्यभर छोट्या विमानांवर काम केलं. त्यातले अकरा हिवाळे कॅनडातल्या सस्कॅचेवान प्रांतात काढले. आता परत कऱ्हाडलाच असतो. इथली धावपट्टी कोयना प्रकल्पाच्या काळातली. डिसेंबर-जानेवारीत पहाटे दहा-बारा अंशांवर उतरलं की आपण शेकोटी पेटवतो, आणि महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी दव गोठलं की दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो येतो. पण त्या थंडीत विमानाच्या इंजिनाला काही होत नाही. तुमच्याकडची थंडी वेगळी आहे, म्हणून उत्तर जरा लांबलंय.

तुम्ही विचारलंय स्विचबद्दल. मला विचाराल तर त्यात स्विच हाच सगळ्यांत सोपा भाग आहे. खरे प्रश्न दोन. हीटर किती वेळ आधी चालू करायचा, आणि तिथे न जाता इंजिन सगळीकडून गरम झालंय हे कशावरून ओळखायचं. या दोन्हींचं उत्तर तुमचा हीटर कुठल्या प्रकारचा आहे यावर अवलंबून आहे, आणि नेमकं तेच तुमच्या प्रश्नात नाही. म्हणून आधी इंजिनाबद्दल बोलू.

थंडीत इंजिन सुरू करायचं म्हटलं की सगळ्यांना आठवतं ते तेल. ते खरंच आहे. आपल्याकडे गुऱ्हाळावर काकवी थंडीत कशी घट्ट होते तुम्ही पाहिलं असेल. उणे २० सेल्सिअसला इंजिनातलं तेल त्याच वळणावर जातं. पंपाला ते ओढवत नाही, गाळणीतून पुढे सरकत नाही, आणि पहिला अर्धा-एक मिनिट वरचे भाग जवळजवळ कोरडे फिरतात. १५डब्ल्यू-५० किंवा २०डब्ल्यू-५० सारखं मल्टिग्रेड, म्हणजे थंडीतही पुरेसं पातळ राहणारं, तेल घातलं की हा त्रास बराच कमी होतो. म्हणून पुष्कळ जणांना वाटतं, मल्टिग्रेड घातलं, आता गरम करायची गरज नाही.

पण तेल हा अर्धाच भाग. इंजिनाचा क्रँककेस ॲल्युमिनियमचा आणि आतला क्रँकशाफ्ट पोलादाचा. ॲल्युमिनियम थंडीत पोलादाच्या जवळजवळ दुप्पट आकसतं. म्हणजे बाहेरचा डबा आतल्या दांड्यापेक्षा जास्त आवळला जातो आणि बेअरिंगमधली फट कमी होते. मुख्य बेअरिंगची जागा साधारण ६० मिलिमीटर व्यासाची धरली आणि तापमान ५० अंशांनी उतरलं, तर हिशेबाने ३० मायक्रॉनच्या आसपास फट नाहीशी होते. माणसाच्या केसाची अर्धी जाडी समजा. ऐकायला किरकोळ वाटतं, पण मुळात तिथे फटच मिलिमीटरच्या काही शतांश भागांची असते. तेल जायला वाटच उरली नाही तर ते कितीही पातळ असून काय उपयोग?

सिलिंडरमध्ये याच्या उलट घडतं. पिस्टन ॲल्युमिनियमचा, सिलिंडरची नळी पोलादाची. इंजिन सुरू झालं की पिस्टन आधी तापतो आणि फुगतो. नळी अजून थंडगार असते, ती तितक्या वेगाने फुगत नाही. तेलाचा थर नीट बसायच्या आधीच पिस्टन भिंतीला घासायला लागतो. थंड इंजिनाचं सगळ्यांत मोठं नुकसान या पहिल्या काही मिनिटांत होतं, आणि ते त्या दिवशी दिसत नाही.

मी ते पाहिलंय, म्हणून सांगतो. एका जानेवारीत बाहेर उणे २९ होतं. एक मालक रात्रभर हीटर लावून सकाळी उडायला आले. त्यांच्याकडे फक्त तेलाच्या संपला, म्हणजे इंजिनाच्या तळाशी तेल साठतं त्या भांड्याला, खालून चिकटवलेली गरम पट्टी होती, वरून गोधडी वगैरे काही नाही. ऑईल टेंपरेचरचा काटा छान वर आलेला. मी काउलिंगवरचं, म्हणजे इंजिनावरच्या बाहेरच्या आवरणावरचं, तेल घालायचं छोटं दार उघडलं, हातमोजा काढला आणि आत हात घातला. डिपस्टिक, म्हणजे तेल मोजायची पट्टी, कोमट लागली. तिथूनच बोटं पुढे सरकवून सिलिंडरच्या फिन्सना, म्हणजे बाहेरच्या पातळ कडांना, लावली, तर कातडी धातूला चिकटली. खाली कोमट, वर बर्फ. मी थांबा म्हणालो. त्यांना घाई होती. इंजिन पहिल्या झटक्यात सुरूही झालं, आणि त्यांना माझं बोलणं उगाच वाटलं असणार. तो हिवाळाभर ते असेच उडत राहिले. उन्हाळ्यात एका सिलिंडरचं कॉम्प्रेशन कमी आलं म्हणून तो उतरवला, तेव्हा पिस्टनच्या अंगावर वरून खाली उभे ओरखडे होते. मी त्यांच्यावरून नख फिरवलं तर नख अडकत होतं.

तेव्हापासून एक गोष्ट मी कधीच मान्य करत नाही: तेल गरम म्हणजे इंजिन गरम.

आता किती थंडीला गरम करणं आवश्यक? इथे तुमच्या इंजिनाची पाटी वाचावी लागेल. विमानाची इंजिनं बनवणारी लायकॉमिंग कंपनी आपल्या बहुतेक इंजिनांसाठी उणे १२ अंश ही रेषा देते. त्याखाली आधी गरम करायलाच हवं. पण तुमचं विमान १९७७ ते १९८० च्या दरम्यानचं १७२ एन असेल, तर त्यात ओ-३२०-एच२एडी हे इंजिन असण्याची दाट शक्यता आहे. त्या जातीसाठी कंपनीने रेषा वर, उणे ६-७ च्या जवळ ठेवलीय. त्या इंजिनाच्या कॅम आणि लिफ्टरची, म्हणजे झडपा उघडणाऱ्या भागांची, झीज हा जुना दुखरा भाग आहे, तेव्हा ते सगळ्यांत जपून वापरा. १९६८ च्या आधीचं १७२ असेल तर सहा सिलिंडरचं, कॉन्टिनेंटल कंपनीचं इंजिन असेल. ती कंपनी म्हणते, उणे ७ किंवा त्याखाली दोन तास जरी इंजिन राहिलं तरी गरम करा. कंपन्यांनी दिलेली ही शेवटची हद्द आहे. मी स्वतः उणे ५ च्या खाली कुठलंही इंजिन गरम केल्याशिवाय सुरू करू देत नसे. मिनेसोटातला जानेवारी बघता तुम्हाला या रेषेचा विचार फक्त नोव्हेंबरात आणि मार्चमध्ये करावा लागेल.

हीटरचे प्रकार थोडक्यात. पूर्वी उत्तरेकडचे वैमानिक रात्री इंजिनातलं तेल काढून घेत, झोपडीत शेगडीजवळ ठेवत आणि सकाळी गरम तेल परत ओतत. इंजिनाखाली ताडपत्रीच्या तंबूत स्टोव्ह पेटवत. आज त्याच्या जागी गॅसवर किंवा केरोसीनवर चालणारे, जाड पाईपमधून गरम हवा सोडणारे हीटर आले. ते झटपट काम करतात, पण जवळ माणूस उभा हवा, म्हणून तुमच्या कामाचे नाहीत. तुमच्या कामाचे ते विजेवर चालणारे, इंजिनावर कायम बसवलेले. त्यातही नुसती संपची पट्टी वेगळी आणि पूर्ण संच वेगळा. पूर्ण संचात संपच्या पट्टीबरोबर प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र गरम घटक असतो. टॅनिस कंपनीच्या संचात तो सिलिंडर हेडच्या टेंपरेचर प्रोबच्या भोकात बसतो, रीफ कंपनीच्या संचात सिलिंडरच्या बुडाशी पट्ट्यासारखा आवळतात. दोन्ही चांगले. तुमच्याकडे नुसती संपची पट्टी असेल, तर रिमोट स्विचवर खर्च करायच्या आधी तोच पैसा पूर्ण संचाला लावा. तो बसवायचं काम तुमच्या मेकॅनिककडून आणि लॉगबुकात नोंद करूनच. नोंदणीकृत विमानाला आपण आपल्या हाताने काही चिकटवायचं नसतं.

आता वेळ. एक ढोबळ हिशेब करून बघा. चार सिलिंडरचं हे इंजिन साधारण १२० किलोचं, वर सात-साडेसात लिटर तेल. एवढा ऐवज उणे २५ वरून अधिक २५ वर आणायला, काहीही उष्णता वाया जात नाही असं धरलं तरी, सव्वा युनिटच्या आसपास वीज लागते. हीटर ३०० वॅटचा असेल तर नुसत्या कागदावरच चार तास होऊन गेले. प्रत्यक्षात उष्णता सतत पळत असते. काउलिंगच्या पुढच्या दोन तोंडांतून, खालच्या बाजूने, आणि कुणाच्या ध्यानात येत नाही अशा तिसऱ्या वाटेने, म्हणजे प्रॉपेलरमधून. प्रॉप थेट क्रँकशाफ्टला घट्ट बसवलेला असतो. ॲल्युमिनियमची ती दोन लांब पाती म्हणजे इंजिनातली ऊब बाहेरच्या हवेत नेऊन टाकणारे दोन हात.

म्हणून गोधडी. काउलिंगवर विमानाची जाड, आतून अस्तर असलेली गोधडी, पुढच्या दोन्ही तोंडांत फोमचे बोळे, आणि गोधडी स्पिनरवरून, म्हणजे प्रॉपच्या मधल्या टोपीवरून, ओढून प्रॉपच्या बुडापर्यंत. हे केलं तर चांगल्या पूर्ण संचाला उणे २० मध्ये पाच-सहा तास पुरतात. नाही केलं तर रात्रभर चालवूनही वरचा भाग थंड राहतो. माझ्या अनुभवात हीटरचे वॅट वाढवण्यापेक्षा गोधडीने जास्त फरक पडतो. तुम्ही शुक्रवारी दुपारी तिथे नसणार, तेव्हा गोधडी उड्डाण संपवून उतरल्यावरच घालून ठेवायची. इंजिन ऊबदार असतानाच घातली की रात्री काही तास ऊब आपोआप टिकते.

भागीदाराचं म्हणणं, हिवाळाभर चालूच ठेवू. याला सरसकट चूक म्हणणार नाही, कारण ज्यांचं विमान एक दिवसाआड उडतं, पूर्ण संच आणि गोधडी आहे, त्यांचं इंजिन सगळीकडून सारखं उबदार राहतं आणि पाणी धरत नाही. पण तुम्ही चौघे नोकरी करणारे, हवा बिघडली की दोन-तीन आठवडे विमान जागेवर. अशा वेळी मी चालू ठेवू देणार नाही. उड्डाणात जळणातून तयार झालेली वाफ तेलात मिसळलेली असते. खालून संप तापत राहिला की ते पाणी वर उठतं आणि वरच्या थंड धातूवर दव होऊन बसतं. लायकॉमिंगमध्ये कॅमशाफ्ट क्रँकच्या वर असतो, म्हणजे दव पडायची जागा नेमकी तीच. तेलाचा थर आठवड्याभरात ओघळून गेलेला असतो. कॅमच्या लोबवर गंज धरतो, मग लिफ्टरचा पृष्ठभाग खवल्यांसारखा उडायला लागतो, आणि तो धातू तेलाच्या फिल्टरमध्ये सापडतो. फिल्टर कापून घडीघडीचा कागद पसरला आणि उन्हात धरला की बारीक चकाकी दिसते. ते दृश्य मालकाला दाखवायची वेळ माझ्यावर तीनदा आली, आणि तिन्ही वेळा इंजिन पूर्ण उघडावं लागलं. कॉन्टिनेंटल तर स्पष्टच सांगते, की इंजिनावर बसवलेला हीटर उड्डाणाआधी २४ तासांपेक्षा जास्त चालू ठेवू नका. चालू-बंद, चालू-बंद करत राहणं तर आणखी वाईट, कारण दर खेपेला नवं दव.

रिमोटचा खरा फायदा इथे आहे. जाण्या-येण्याचा त्रास वाचतो ते आहेच, पण त्याने हीटर फक्त गरजेपुरता चालतो. रात्री दहाला हवामान बघायचं, उडायचं नक्की झालं की चालू करायचं, नाही तर इंजिन थंडच राहू द्यायचं. पूर्ण थंड आणि कोरडं इंजिन गंजत नाही तितकं, जितकं अर्धवट उबदार गंजतं.

आता तुमच्या मोबाईल स्टार्टरकडे येतो. तासगावहून मागवू नका. वडिलांच्या विहिरीवरचा स्टार्टर थ्री-फेजचा, ४१५ व्होल्टचा. तुमच्या हँगरमध्ये सिंगल फेज १२० व्होल्ट. शिवाय इथले कित्येक डबे टू-जी सिमवर चालतात. अमेरिकेत एटी अँड टीने टू-जी २०१७ च्या सुरुवातीला बंद केलं आणि थ्री-जी २०२२ च्या फेब्रुवारीत. तिकडेही जुन्या टू-जी, थ्री-जीच्या रिमोट स्विचवर अवलंबून असलेल्यांचे डबे असेच निकामी झाले. कुणी जुना स्वस्तात देत असेल तर घेऊ नका. फोर-जीवर चालणाराच घ्या.

हँगरमध्ये वायफाय असेल तर बाहेर वापरायच्या दर्जाचा एक वायफाय प्लग पुरे. नसेल तर फोर-जीचा छोटा राऊटर आणि तोच प्लग, किंवा सिमवर चालणारा तयार स्विच. ३०० ते ६०० वॅट म्हणजे १२० व्होल्टला अडीच ते पाच ॲम्पिअर, हा भार कुठल्याही चांगल्या प्लगला जड नाही. पण दोन गोष्टी बघा. एक, प्लगवर चालण्याचं किमान तापमान काय लिहिलंय. घरात वापरायचे कित्येक प्लग शून्याच्या खाली चालतील याची हमी देत नाहीत. दुसरी, मधेच लाईट जाऊन परत आली तर प्लग कुठल्या अवस्थेत उठतो. काही प्लग बंद अवस्थेत उठतात. पहाटे दोनला दोन मिनिटं वीज गेली तर सकाळी इंजिन गार. सेटिंगमध्ये जाऊन आधीची अवस्था कायम ठेवायचा पर्याय निवडा. लांब वायर लागणार असेल तर जाड आणि थंडीत लवचीक राहणारी घ्या. साधी पीव्हीसी वायर तिथे काठीसारखी कडक होते आणि वळवली की तडकते.

वडिलांचा दाखला मात्र फार चांगला दिलात, कारण जे शिकायचं ते तिथेच आहे. मोबाईल स्टार्टरला फोन लावला की पलीकडून मराठीत आवाज येतो, मोटार चालू झाली. तो आवाज खोटं बोलत नाही. स्टार्टरमधला वीज जोडणारा कॉन्टॅक्टर बसलाय, मोटार फिरतेय. पण पाईपच्या तळाची झडप, म्हणजे फूटव्हॉल्व्ह, गळून पाईप रिकामा झाला असेल तर वाफ्यावर थेंब पडत नाही आणि मोटार कोरडी फिरून जळते. म्हणून चांगल्या डब्यात ॲम्पिअर दिसतात. जाणता शेतकरी चालू झाल्याच्या मेसेजवर झोपत नाही, तो किती ॲम्पिअर घेतेय ते बघतो. आकडा पडला म्हणजे पाणी नाही.

तुम्हालाही तेच करायचंय. वॅट दाखवणारा प्लग घ्या. पहिल्या दिवशी, सगळं नीट असताना, हीटर किती वॅट घेतो ते लिहून ठेवा. समजा ३०० येतात. एखाद्या रात्री २५० आले तर एका सिलिंडरचा घटक गेलाय. १०० आले तर बहुधा फक्त संप तापतोय. शून्य आले तर वायरच निसटलीय. हे शेवटचं मी डोळ्यांनी पाहिलंय: मोबाईलवर रात्रभर चालू असं दिसत होतं, आणि सकाळी काउलिंगपाशी वायरची जोडणी अर्धी बाहेर लोंबत होती. प्लग बिचारा चालूच होता.

वॅट म्हणजे वीज जातेय एवढंच. त्याच्या पुढचा पुरावा तापमानाचा. वायरवाला प्रोब असलेला एक वायफाय तापमापक घ्या, प्रोब तेलाच्या छोट्या दारातून आत सोडा आणि क्रँककेसच्या वरच्या अंगाला टेकवून ठेवा. संपला लावू नका. संप सगळ्यांत आधी तापतो आणि तुम्हाला फसवतो. जी जागा सगळ्यांत शेवटी तापते तिथला आकडा तुम्हाला हवाय. त्या प्रोबला लांब लाल फीत बांधा आणि ती दाराबाहेर लोंबू द्या, म्हणजे उडण्याआधी काढायची राहणार नाही. हीटरच्या वायरचंही तेच, तिचा एक वेढा प्रॉपच्या पात्याभोवती द्या. निघण्याआधी घरीच बघायचं: वरचा आकडा शून्याच्या चांगला वर, शक्यतो दहाच्या पुढे, आणि गेल्या तासाभरात स्थिर. तसं नसेल तर चहा घ्या, आणखी तासभर थांबा.

चौघे भागीदार आहात म्हणून आणखी एक. कुणी चालू केलं, कशासाठी, आणि उड्डाण रद्द झालं तर बंद कोण करणार, हे तुमच्या ग्रुपवर त्याच क्षणी लिहायचा नियम करा. मी पाहिलेल्या हिवाळाभर चालू राहिलेल्या हीटरांपैकी निम्मे तरी कुणी ठरवून ठेवलेले नव्हते. दुसऱ्याने बंद केला असेल असं प्रत्येकाला वाटत होतं. प्लगलाच १४ तासांनी आपोआप बंद होण्याची वेळ लावून ठेवलीत तर उत्तम. आणि रेंजच येत नसेल तर निराश होऊ नका. जाता-येता लावलेला साधा टायमरही, शनिवारी आठला उडायचं तर पहाटे दोनची वेळ देऊन, हे काम करतो. फक्त त्यात हवा बिघडली तर माघार घेता येत नाही.

एका बाबतीत मी कुणालाही सूट देत नाही. खोली तापवायचा फॅन हीटर किंवा जुना पिवळा दिवा काउलिंगमध्ये सरकवून तो रिमोटने चालू करायचा नाही. काउलिंगच्या आत इंधनाच्या नळ्या असतात, कार्ब्युरेटर ठिबकलेला असू शकतो, तेलाने माखलेली धूळ असते. पंखा अडकला, हीटर कलंडला, तर बघायला तिथे कुणी नाही. शेजारच्या हँगरमध्ये दुसऱ्यांची विमानं आहेत. माणूस जवळ नसताना चालवायचा तो फक्त विमानाच्या इंजिनासाठीच बनवलेला, मेकॅनिकने बसवलेला हीटर.

सकाळी पोहोचल्यावर मोबाईल खिशात ठेवा आणि हात वापरा. गोधडीखालून स्पिनरला हात लावा. तो कोमट असेल तर उष्णता क्रँकमधून पुढपर्यंत आलीय, आणि हा मला सगळ्यांत भरवशाचा वाटणारा पुरावा आहे. मग काउलिंगच्या पुढच्या तोंडांतून आत, दोन्ही बाजूंच्या पुढच्या सिलिंडरांना बोट. मॅग्नेटो (ठिणगी देणारी यंत्रणा) बंद, किल्ली खिशात, आणि तरीही प्रॉप जिवंतच आहे असं समजून, हात शिकवल्याप्रमाणे लावून, तो थोडा फिरवून बघा. हे शिकलेलं नसेल तर करू नका. बॅटरी विसरू नका. उणे १८ ला लेड-ॲसिड बॅटरीचा जोर निम्म्यावर येतो, म्हणून तिला वेगळी गरम पट्टी लावून घेणारे पुष्कळ आहेत. सुरू करताना थ्रॉटल पंपासारखा मागेपुढे करू नका. त्याने कच्चं पेट्रोल खाली हवेच्या डब्यात साठतं आणि आग लागते. प्रायमरनेच, म्हणजे सुरुवातीचं इंधन आत सोडणाऱ्या हातपंपानेच, आणि तुमच्या पुस्तकात दिलंय तेवढंच. इंजिन दोन-चार ठिणग्या घेऊन विझलं आणि मग काहीच करेना, तर इंजिनातल्या स्पार्क प्लगच्या टोकांवर जळणातून तयार झालेली पाण्याची वाफ गोठलीय असं समजा. बॅटरी संपवत बसू नका, परत गरम करणं हाच उपाय. सुरू झालं की आरपीएम हजाराच्या आसपास ठेवा आणि डोळा ऑईल प्रेशरवर. सेसनाचं पुस्तक उन्हाळ्यात ३० सेकंद देतं आणि कडक थंडीत त्याच्या दुप्पट. तेवढ्यात काटा उठला नाही तर इंजिन लगेच बंद.

शेवटी एक जागा, जी हीटरवाले कुणी सांगत नाहीत. काउलिंगच्या खालून बाहेर येणारा क्रँककेसचा ब्रीदर पाईप. उडताना त्यातून वाफ बाहेर पडते आणि थंडीत टोकाशी गोठते. तोंड पूर्ण बंद झालं तर आतला दाब पुढचं क्रँक सील फोडून तेल बाहेर फेकतो, तेही हवेत असताना. पुष्कळ विमानांत त्या पाईपला वरच्या, उबदार भागात एक छोटी फट ठेवलेली असते, टोक गोठलं तरी दाब निघून जावा म्हणून. तुमच्या विमानात ती आहे का, हे मेकॅनिकला याच आठवड्यात विचारा, आणि दर उड्डाणाआधी वाकून त्या टोकाला बोट लावून बघा.

इंजिनाच्या पाटीवरचा मॉडेल नंबर, हीटरवर लिहिलेले वॅट, गोधडी आहे की नाही आणि हँगरमध्ये मोबाईलला किती रेंज येते, एवढं कळवा. उणे १०, २० आणि ३० साठी रात्री किती वाजता चालू करायचं, त्या वेळा मी तुम्हाला काढून देतो.